स्लॅबवरची तार आणि झोन बावीस: हॅम रेडिओच्या स्पर्धा समजून घेताना

घराच्या स्लॅबवर दहा मीटरचा लोखंडी पाइप उभा राहिला आणि त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना तारा उतरल्या, की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणत्या कंपनीचा टॉवर हाय? भाडं किती देतेत?" भाडं येत नाही, उलट आपल्याच खिशातून जातं हे कळलं की दुसरा प्रश्न येतो, "मग कशाला?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गल्लीत उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून, नेमून दिलेल्या लहरींवर जगभरच्या दुसऱ्या परवानाधारकांशी थेट बोलण्याचा छंद. मध्ये मोबाइल कंपनी नाही, इंटरनेट नाही, रिचार्ज नाही. तुमची तार, आकाश आणि समोरच्याची तार, एवढाच मामला. या छंदात काही जण निवांत गप्पा मारतात, काही जण यंत्रं बनवतात, आणि काही जणांना स्पर्धेचं वेड लागतं. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी, जास्तीत जास्त देशांत संपर्क करायचा, ही ती स्पर्धा. रोख बक्षीस नसतं. प्रशस्तिपत्र मिळतं, फार तर भिंतीवर लावायची फळी. तरीही लोक त्यासाठी वर्षभर तयारी करतात.

सगळ्यांत मोठी स्पर्धा सीक्यू वर्ल्डवाइड. १९४८ पासून चालत आलेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आवाजी, आणि नोव्हेंबरच्या तशाच शनिवार-रविवारी मोर्सची, म्हणजे ठिपके-रेघांच्या संकेतांची. सलग ४८ तास. वेळ जागतिक घड्याळाची, म्हणून आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. नोकरदार माणसाने सोमवारची रजा आधीच टाकलेली बरी.

एका संपर्कात बोलणं किती? फार थोडं. तुमचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं अक्षर-आकड्यांचं नाव), त्यांचा कॉलसाइन, मग "फाइव्ह नाइन, टू टू". फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि जोरात येतोय. खरखरीत बुडालेल्या स्टेशनालाही स्पर्धेत फाइव्ह नाइनच देतात. हे खोटं सगळ्यांना मान्य आहे, कारण त्याने वेळ वाचतो. टू टू हा झोन. या स्पर्धेसाठी जगाचे ४० झोन पाडलेले आहेत आणि भारताची मुख्य भूमी बाविसाव्या झोनमध्ये येते. अंदमान-निकोबार मात्र सव्विसाव्यात. बाकी स्पर्धांचे निरोप वेगळे. डब्ल्यूपीएक्समध्ये पहिल्या संपर्कापासून चढता क्रमांक द्यायचा. जपानी संघटनेच्या ऑल एशियन स्पर्धेत तर चक्क स्वतःचं वय सांगायचं, आणि बायकांना ते सांगायचं नसेल तर शून्य-शून्य म्हणण्याची अधिकृत मुभा!

आता गुणांकडे येऊ, कारण स्पर्धेचं डोकं तिथे आहे. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनाशी संपर्क झाला तर तीन गुण. आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी एक. आपल्याच देशातल्या स्टेशनाशी शून्य. म्हणजे लातूरहून जर्मनीला तीन, जपान लांब असूनही आशियातला म्हणून एक, आणि हैदराबादला काहीच नाही. या बेरजेला गुणायचं ते गुणकाने. प्रत्येक बँडवर, म्हणजे लहरींच्या नेमून दिलेल्या प्रत्येक पट्ट्यावर, मिळालेला प्रत्येक नवा देश हा एक गुणक आणि प्रत्येक नवा झोन हा आणखी एक. शून्य गुणांचा हैदराबादवालाही तुम्हाला भारत आणि झोन बावीस हे दोन गुणक देऊन जातो, म्हणून प्रत्येक बँडवर एकदा त्याची भेट घ्यावी.

आकडे घालून पाहू. समजा ४०० संपर्क झाले. त्यातले ३०० इतर खंडांतले, म्हणजे ९०० गुण, आणि १०० आशियातले, म्हणजे १०० गुण. बेरीज १०००. गुणक समजा १५०. निकाल दीड लाख. आता पुढचा संपर्क युरोपातल्या घेऊन झालेल्या देशाचा असेल तर निकाल ४५० ने वाढतो. घेऊन झालेला जपान असेल तर फक्त १५० ने. पण आफ्रिकेतला एखादा नवा देश हाती लागला तर १४५३ ने. म्हणून अनुभवी माणूस कधी एका दुर्मीळ स्टेशनासाठी पाच-दहा मिनिटं घासतो, तर कधी त्याच्याकडे दुर्लक्ष करून युरोपवाल्यांची रांग उरकतो. कोणत्या क्षणी काय करायचं हा निर्णय अठ्ठेचाळीस तास सतत घ्यावा लागतो, अर्धवट झोपेत.

याच गणितामुळे आपली किंमतही वाढते. जपान, अमेरिका, इटली इथून स्पर्धेत शेकड्यांनी स्टेशनं असतात. भारतातून त्या मानाने अगदी थोडी. त्यामुळे युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या स्पर्धकाला भारत हा प्रत्येक बँडवर हवाहवासा गुणक असतो. लातूर, बीड किंवा हिंगोलीतून साध्या तारेवर कुणी "व्हिक्टर युनिफॉर्म" (म्हणजे व्ही-यू, भारतीय कॉलसाइनची पहिली अक्षरं; हवेत अक्षरं अशी शब्दांतून सांगतात) म्हणालं, की दहा हजार वॅटचा आव आणणारे लोकही थांबून ऐकतात. आपल्याला शोधायला लोक तयार आहेत. प्रश्न एवढाच, की आपला आवाज तिथवर जातो का आणि त्यांचा आपल्याला ऐकू येतो का.

आवाज जातो तो आकाशामुळे. परभणी आकाशवाणी ऐकत वाढलेल्यांना हे आठवत असेल: दिवसा मीडियम वेव्हवर जवळपासचीच केंद्रं लागायची आणि रात्री मात्र कुठल्याकुठल्या भाषांतली दूरदूरची केंद्रं एकमेकांवर चढायची. कारण असं की सूर्याच्या किरणांमुळे वरच्या हवेतले कण विद्युतभारित होतात आणि त्यांचे थर बनतात. साधारण ६० ते ९० किलोमीटरवरचा खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो. त्याच्या वर, अडीचशे ते चारशे किलोमीटरवर असलेला थर मात्र रात्रीही टिकतो आणि लहरींना वाकवून परत जमिनीकडे पाठवतो. लहर जमिनीवरून उसळून पुन्हा वर जाते, पुन्हा खाली येते, आणि अशा उड्या मारत अर्धं जग ओलांडते.

म्हणून ८० आणि ४० मीटरचे बँड (हे मीटर लहरीच्या लांबीचे) रात्रीचे, १५ आणि १० मीटरचे दिवसाचे, आणि २० मीटरचा बँड दोन्हीकडे हात असलेला. स्पर्धेत १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० असे सहा बँड चालतात. ३०, १७ आणि १२ मीटर स्पर्धेसाठी वापरायचे नाहीत असा जगभर संकेत आहे, म्हणजे ज्यांना या गोंगाटाचा वीट आलाय त्यांना शांतपणे बोलायला जागा उरते.

मराठवाड्यातून ऑक्टोबरचा दिवस ढोबळमानाने असा जातो. पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू होते तेव्हा आपल्याकडे अजून उजाडलेलं नसतं आणि युरोपात मध्यरात्र असते, त्यामुळे ४० मीटरवर युरोप चांगला येतो. उजाडताना आणि त्यानंतर २० मीटरवर अमेरिका कान देते. सकाळ चढली की १५ आणि १० वर जपान, ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया. साडेअकरा-बाराच्या सुमारास युरोपात सूर्य वर येतो आणि तिथून अंधार पडेपर्यंत १० आणि १५ मीटरवर युरोपची नुसती झुंबड. संध्याकाळी त्याच बँडांवर आफ्रिका आणि नशीब असेल तर अमेरिकेचा पूर्व किनारा. रात्री परत खाली, ४० आणि ८० वर. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. २०२४ च्या आसपास ते शिगेला होतं, म्हणून या काळात १० मीटरचा बँड इतका रंगतो. चक्र तळाला गेलं की तोच बँड दिवसेंदिवस मुका पडतो आणि सगळी गर्दी २० आणि ४० वर लोटते.

अमेरिका अवघड का, हे नकाशावर कळत नाही. पृथ्वीगोलावर लातूरपासून शिकागोपर्यंत दोरा ताणून धरा. तो पश्चिमेला जात नाही, जवळजवळ सरळ उत्तरेला चढून ध्रुवाजवळून पलीकडे उतरतो. सूर्यावर मोठा स्फोट होऊन त्याचा झोत पृथ्वीवर आला की ध्रुवावरचा हाच रस्ता आधी बंद होतो. मग त्या दिवशी कितीही वॅट ओता, शिकागो येत नाही.

बोलण्याच्या दोन पद्धती. एक, बँडवर फिरत राहायचं, जो "सीक्यू कॉन्टेस्ट" ओरडतोय (सीक्यू म्हणजे ऐकणाऱ्या कुणालाही घातलेली हाक) त्याला गाठायचं, नोंद करायची, पुढे जायचं. दुसरी, आपणच एका जागी ठाण मांडून सीक्यू द्यायचं आणि लोकांनी यायची वाट बघायची. दुसरीत वेग जास्त, पण तुमचा आवाज समोर ठणठणीत पोहोचत असेल तरच. तो पोहोचू लागला आणि भारत सापडल्याची बातमी पसरली, की एकदम वीस-पंचवीस जण आपापला कॉलसाइन ओरडायला लागतात. याला पाइलअप म्हणतात. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगापाशी सौदा चालू असताना अडत्याला त्या कालव्यातून नेमका एका खरेदीदाराचा आकडा उचलावा लागतो, तसं इथे एका कॉलसाइनचा तुकडा उचलायचा. "सिएरा पापा स्टेशन, पुन्हा बोला", एवढंच म्हणायचं, बाकीच्यांना गप्प बसवायचं आणि त्याला पूर्ण करूनच पुढे जायचं. मध्येच जोरात ओरडणाऱ्याला घेतलं, की उरलेले सगळे शिस्त सोडतात. पाइलअप सांभाळणारा माणूस कधी घाईत वाटत नाही, आणि तोच तासाला सर्वांत जास्त नोंदी करतो.

आता साहित्य. नवा माणूस रेडिओच्या मॉडेलपासून सुरुवात करतो. मी म्हणतो, आधी तारेचं बघा.

सर्वांत साधा अँटेना म्हणजे डायपोल: मधोमध केबल जोडलेली तार, दोन्ही हात सारखे. एकूण लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. २० मीटरच्या बँडसाठी, म्हणजे १४.२ मेगाहर्ट्झला, साधारण दहा मीटर, एकेक हात पाच मीटरचा. ४० साठी एकेक हात दहा मीटरचा. या ४० च्या तारेची गंमत अशी की ती तिप्पट वारंवारतेवर, म्हणजे १५ मीटरच्या बँडवरही बऱ्यापैकी जुळते. तेव्हा दोन डायपोल एकाच खांबावर टांगले की तीन बँड हाताशी येतात, आणि सगळा खर्च चांगल्या मोबाइलच्या चार्जरपेक्षा फार जास्त नसतो. तारेचा जोर तिच्या आडव्या दिशांना असतो. ती ईशान्य-नैर्ऋत्य ताणली तर जोर वायव्येला, म्हणजे युरोपकडे जातो. वास्तुशास्त्राचा इथे संबंध नाही, तरी शेजारी विचारतातच. उंचीही महत्त्वाची. २० मीटरसाठी दहा मीटर उंची मिळाली तर लहर क्षितिजाकडे झुकून निघते. स्लॅबपासून हातभर वर टांगलेली तार सरळ वर फेकते. तिच्यावरून नागपूर-पुणे छान होईल, नॉर्वे नाही.

पुढे पैसे असतील तर फिरणारी यागी, म्हणजे एकाच दिशेला जोर लावणारा दांड्यांचा अँटेना, घ्यावी. तीन दांड्यांची यागी डायपोलच्या तुलनेत पाच-सहा डेसिबल देते, आणि ते पाठवताना तसंच ऐकतानाही. उलट १०० वॅटच्या रेडिओला अॅम्प्लिफायर जोडून ४०० वॅट केले तरी वाढ सहा डेसिबलचीच, म्हणजे समोरच्या मीटरवर फक्त एक घर. आणि ऐकण्यात फायदा शून्य. मोठ्याने ओरडणारा बहिरा होण्यात अर्थ नाही.

केबलवर कंजुषी करू नये. पातळ आरजी-५८ ची तीस मीटर केबल १० मीटरच्या बँडवर चाळीस टक्क्यांच्या आसपास शक्ती वाटेतच गरम करून टाकते. जाड आरजी-२१३ तेवढ्याच लांबीत त्याच्या निम्म्याहून कमी डेसिबल खाते.

रेडिओ कोणताही चालतो, अट एकच: गर्दीत शेजारचं जोरदार स्टेशन असताना पलीकडचं बारीक ऐकू यायला हवं. आयकॉम ७३०० हा २०१६ पासूनचा रेडिओ इतका रुळला, कारण बँडचं चित्र पडद्यावर दिसतं आणि कोण कुठे बोलतंय ते डोळ्यांनीच कळतं. इतकं बजेट नसेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला बिटएक्स आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी बनवता येणारा हा रेडिओ जगभर बनवला गेला. त्याची ताकद थोड्या वॅटची, पण पाच वॅटच्या आतल्यांसाठी स्पर्धेत वेगळा गटच असतो. १०० वॅटपर्यंतचा वेगळा, त्यावरचा वेगळा. त्यामुळे गावातल्या तारेची बरोबरी फिनलंडच्या टॉवरांच्या जंगलाशी होत नाही. ज्यांना सगळ्यांना एका मापात तोलायचंय त्यांच्यासाठी डब्ल्यूआरटीसी नावाची स्पर्धा आहे, १९९० साली सिएटलमध्ये सुरू झालेली. तिथे संघ एकाच परिसरात, सारख्या अँटेनावर, सारख्या शक्तीवर बसवतात. मग फरक उरतो तो फक्त माणसाचा.

हे रेडिओ १३.८ व्होल्टवर चालतात आणि बोलताना वीसेक अँपियर ओढतात. ही आपल्यासाठी सोय आहे. लाइट गेली तर बॅटरीवर स्पर्धा चालूच. फक्त बॅटरी ते रेडिओ वायर जाड आणि आखूड हवी. बारीक वायरीत बोलताक्षणी व्होल्टेज पडतं, आवाज फाटतो आणि रेडिओ स्वतःच बंद होतो. ट्रॅक्टरची बॅटरी चालते, पण ती झटका द्यायला बनवलेली असते, हळूहळू रिकामी व्हायला नाही. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बरी. लिथियम फॉस्फेटची सर्वांत बरी, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून राहतं.

इथपर्यंतचं कोणत्याही देशातल्या पुस्तकात मिळेल. देखभाल मात्र जिथली तिथे शिकावी लागते.

सुरुवात मातीपासून. खांब शेतात किंवा अंगणात रोवायचा असेल तर काळ्या मातीवर भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी फाटते, पावसात फुगते, आणि वरवर टाकलेलं काँक्रीट दोन वर्षांत तिरकं होतं. मुरूम लागेपर्यंत खोदावं आणि पाया तिथून घ्यावा. तरीही ताणाच्या तारा वर्षातून दोनदा बघाव्यात, एकदा मृगाआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. थोडासा ताण कमी-जास्त झाला तरी वाऱ्यात खांब डोलायला लागतो. टर्नबकलवर, म्हणजे ताण कमी-जास्त करायच्या स्क्रूवर, ग्रीस हवं, नाहीतर ज्या दिवशी फिरवायचा असतो त्या दिवशी तो गंजून बसलेला असतो. जागा निवडताना खांब आडवा पडला तर विजेच्या तारेला लागणार नाही, हे आधी मोजायचं. यावर चर्चा नाही. उंच जागा कितीही मोहात पाडो, ११ केव्हीच्या लाइनजवळ खांब नको.

अर्थिंगचा खड्डा ओल्या काळ्या मातीत उत्तम काम करतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडून निरुपयोगी होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायलाच पाणी मोजून, खड्ड्यात कुठून ओतणार? आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी एका पाइपाने त्या खड्ड्यात सोडलं की प्रश्न मिटतो.

उन्हाने नायलॉनची दोरी कुजते. बाहेरून धड दिसते, नखाने ओरबाडली की भुकटी पडते. काळी पॉलिस्टरची दोरी जास्त टिकते. खारी आणि उंदीर केबलचं आवरण कुरतडतात. वानरांची टोळी आली तर तारेला झोका समजते, आणि मऊ तांब्याची तार त्या वजनाने लांबते. तार लांबली की तिची वारंवारता खाली सरकते. हे कसं कळतं? एसडब्ल्यूआर मीटरवरून. पाठवलेल्या शक्तीतली किती परत येतेय हे तो दाखवतो. दीडपर्यंत उत्तम, दोनपर्यंत चालेल, तीनला रेडिओ स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतो. एक साधी वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येक बँडचा आकडा लिहावा. आकडा हळूहळू सरकला तर तार ताणली गेलीय. पावसानंतर एकदम उडाला तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. मीटर अचानक फारच छान दाखवू लागला तरी हुरळू नये: पाणी प्यायलेली केबल शक्ती गिळते, मग परत काय येणार?

कनेक्टर नीट डाग देऊन, वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळावा आणि त्यावर साधी काळी टेप, खालून वर, कौलासारखी चढत. अँटेनापाशी केबलला एक लोंबता वेढा द्यावा, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत जात नाही.

वीज हा सर्वांत गंभीर भाग. मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत विजा माणसं आणि जनावरं घेतात, हे दरवर्षी पेपरात वाचतो. उंच पाइप उभा करणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये. आभाळ भरून येण्याआधीच केबल रेडिओपासून सोडवायची आणि खिडकीबाहेर नेऊन अर्थिंगला लावायची. वीजपुरवठ्याचा प्लगही काढायचा. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही, मग रेडिओ गेला तरी चालेल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अॅप शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये असतंच, हॅमच्याही असावं. स्पर्धा मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चमध्ये असल्या तरी परतीचा पाऊस ऑक्टोबरातही चमकतो.

आणि आता खरखर. सगळ्यांत जास्त स्पर्धा तिच्यापायी जातात. आपण १०० वॅटने बोलतो ते जगाला ऐकू जातं, पण पाच वॅटचा पोलंडवाला आपल्याला हाक मारत असतो तो आपल्याच गल्लीच्या आवाजाखाली गाडला जातो. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर, सगळे बारीक लहरी सोडतात. आवाजी सीक्यू वर्ल्डवाइड नेमकी दिवाळीच्या आगेमागे येते. २०१९ साली तर स्पर्धेचा रविवार, २७ ऑक्टोबर, हाच लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. गल्लीभर लुकलुकणाऱ्या माळा लागल्यावर ४० मीटरवर काय ऐकू येणार? शेजाऱ्यांना माळा काढा म्हणता येत नाही, म्हणूही नये. आपल्या घरात मात्र पणत्या लावाव्यात.

खरखर शोधायची रीत सोपी आहे. रेडिओ बॅटरीवर चालू ठेवायचा आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. आवाज गेला तर चोर घरातच. मग एकेक एमसीबी चालू करत जायचं. तो सापडला की त्याच्या वायरीवर फेराइटचं कडं अडकवायचं किंवा तो अडॅप्टर बदलायचा. आवाज गेला नाही तर जुना ट्रान्झिस्टर घेऊन, तो मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमधल्या रिकाम्या जागी लावून गल्लीतून चालायचं. डीपीजवळ किंवा एखाद्या खांबाखाली तो जोरात करकरायला लागला, की वर ढिलं जोड किंवा तडा गेलेलं इन्सुलेटर असण्याची शक्यता दाट. लाइनमनला "माझ्या रेडिओला त्रास होतो" सांगून उपयोग नाही. "खांबावर ठिणगी उडतेय" सांगितलं की तो येतो, आणि ते खरंही असतं. शेतात राहणाऱ्यांना हल्ली नवा त्रास आहे: सौर पंपाचा कंट्रोलर. ऊन असेतोवर तो गुणगुणतो, आणि १० नि १५ मीटरची वेळही तीच. आपलाच पंप असेल तर कळीच्या दोन तासांत बंद ठेवता येतो. शेजाऱ्याचा असेल तर दिवाळीचा फराळ घेऊन जावं.

बंद घरातल्या धुळीनेही यंत्र मरतं. मे महिन्यात शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, पंख्याच्या जाळीवर मातीचा थर बसतो. मऊ ब्रशने तो काढावा आणि रेडिओभोवती वारा खेळायला बोटभर नव्हे, वीतभर जागा सोडावी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम स्पर्धेच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये.

स्पर्धेत नोंद संगणकावर होते. एन-वन-एमएम नावाचं मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. ते आधी केलेला कॉलसाइन लगेच दाखवतं आणि कोणत्या बँडवर कोणता गुणक बाकी आहे हेही. स्पर्धेनंतर या नोंदी, म्हणजे लॉग, आयोजकांकडे जातात आणि तिथे संगणक सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून पाहतो. तुम्ही एक अक्षर चुकीचं लिहिलं असेल तर तो संपर्क बाद होतो, शिवाय त्याच्या दुप्पट गुण दंड म्हणून जातात. तुम्ही लिहिलेला संपर्क समोरच्याच्या लॉगमध्ये नसेल तरी तेच. त्यामुळे शंका असली की पुन्हा विचारायला लाजू नये. दोन सेकंद जातील, नऊ गुण वाचतील.

हे सगळं निव्वळ खेळापुरतं उरत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅमचा एक गट अंदमानला दुर्मीळ ठिकाणाहून संपर्क देण्यासाठी गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच यंत्रांवरून मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण झाली. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या पिढीला अशा वेळी एका चालू रेडिओची किंमत समजावून सांगावी लागत नाही. बॅटरीवर दोन दिवस न थांबता चालणारं स्टेशन, आणि गोंगाटातून एक नाव अचूक उचलणारा कान, हे दोन्ही स्पर्धेत घासून तयार होतात.

सुरू करायचं तर परवाना आधी. परवान्याशिवाय पाठवणारं यंत्र वापरणं सोडाच, बाळगणंही गुन्हा आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, किमान वय १२. रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम हे दोन विषय. रेस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, शक्ती ५० वॅटपर्यंत. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-देता यायला हवं, शक्ती ४०० वॅटपर्यंत. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. विज्ञान शाखेची पदवी लागते हा गैरसमज आहे. बारावीला फिजिक्समध्ये गटांगळ्या खाल्लेले लोकही यात पास होतात. राजकारण, धर्म आणि धंदा या तिन्हींवर हवेत बोलायला मनाई आहे, हा नियम मला तरी छंदाचा सर्वांत आवडता भाग वाटतो.

परवाना येईपर्यंत इंटरनेटवरून ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या हॅम क्लबमधला रिसीव्हर इंटरनेटवर खुला आहे, मोबाइलवरही चालतो. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी दुपारी तिथे २० मीटर लावा आणि कॉलसाइन कागदावर उतरवायचा प्रयत्न करा. पहिल्या तासात चार लागतील, दुसऱ्या दिवशी चाळीस.

आणि परवाना मिळाल्यावर पहिल्या स्पर्धेत दहाच संपर्क झाले तरी लॉग पाठवा. तो दुसऱ्यांचे लॉग तपासायला लागतो. सीक्यू वर्ल्डवाइडला त्यासाठी पाच दिवस मिळतात, म्हणजे आपल्याकडे पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचच्या आत.